कामरानचे दहा दिवस

तांबड्या समुद्राच्या दक्षिण तोंडाजवळ, येमेनच्या किनाऱ्याला लागून कामरान नावाचे एक सपाट, उजाड बेट आहे. १८८२ पासून मुंबईहून हजला निघालेल्या आगबोटींना जेद्दा गाठण्याआधी इथे नांगर टाकावा लागे. बोट बाहेर उभी राही. उतारू गाठोडी, पेट्या, भांडीकुंडी सावरत पडावांत उतरत आणि वारा असला की भिजूनच किनाऱ्याला लागत. तुर्की आरोग्यखात्याची माणसे शिरगणती करून घेत आणि मग खजुरीच्या झावळ्यांच्या झोपड्यांत किमान दहा दिवसांचा मुक्काम सुरू होई. पाणी मचूळ, ऊन भाजून काढणारे, आणि धान्य-सरपण घ्यायचे ते बेटावर मिळेल त्या भावाने. तुकडीत कोणाला जुलाब-उलट्या सुरू झाल्या की सगळ्यांचे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले जात. क्वारंटीनची पट्टी वेगळी द्यावी लागे. ती बोटीच्या कंपनीकडून घेतली, तरी शेवटी तिकिटाच्या दरातून यात्रेकरूच्याच कनवटीला हात घालून वसूल होई. देशात शिरणाऱ्या माणसाला किती दिवस अडवून ठेवायचे, हा वरकरणी वैद्यकाचा प्रश्न आहे. कामरानचा इतिहास नीट पाहिला तर मात्र दिसते, की एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याचे उत्तर वैद्यकाने दिले नाही, राष्ट्राराष्ट्रांमधल्या सौद्याने दिले. ज्या प्रवाशाच्या मागे जहाजकंपन्या, व्यापारी पेढ्या आणि परराष्ट्र खाते उभे होते त्याची अडवणूक कमी होत गेली. ती कमी करता यावी म्हणून युरोपला जी हमी हवी होती, ती डेकवर पथारी पसरलेल्या गरीब यात्रेकरूच्या दिवसांतून आणि पैशांतून दिली गेली.

या व्यवस्थेच्या मुळाशी खरी भीती होती, हे आधी मान्य केले पाहिजे. पटकी १८१७ नंतर बंगालबाहेर पडली आणि १८३१ मध्ये पहिल्यांदा मक्केत पोहोचली. तेव्हापासून १९१२ पर्यंत हजच्या यात्रेला तिने २७ वेळा गाठले, अशी नोंद आहे. यातले १८६५ हे साल युरोप विसरू शकला नाही. त्या वर्षी मक्केत जमलेल्या सुमारे नव्वद हजार यात्रेकरूंपैकी पंधरा हजारांचा बळी गेला, असा अंदाज नेहमी दिला जातो. परतणारे लोक सुएझला उतरले, तिथून आगगाडीने अलेक्झांड्रियाला गेले आणि भूमध्य समुद्रातल्या बोटींत चढले. त्याच उन्हाळ्यात मार्सेय, कॉन्स्टँटिनोपल आणि इटलीची बंदरे पटकीने धरली आणि पुढच्या वर्षी ती अटलांटिक ओलांडून अमेरिकेत पसरली. पूर्वी उंटांच्या काफिल्याबरोबर वाळवंट तुडवत यायला तिला कित्येक आठवडे लागत, आणि त्या वाटेवर बरेचदा तीच दमून थांबे. वाफेच्या इंजिनाने ते अंतर दिवसांवर आणले होते. सुएझचा कालवा तर अजून खोदला जात होता. तो १८६९ मध्ये खुला झाल्यावर मुंबईचे बंदर मार्सेयच्या उंबरठ्याशी येणार, हे कोणालाही दिसत होते.

या धास्तीपोटी १८६६ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. अशी पहिली परिषद १८५१ मध्ये पॅरिसला झाली होती. तिथे प्रत्येक देशाचा एक डॉक्टर आणि एक मुत्सद्दी असे दोघे दोघे बसले आणि सहा महिने बोलून जवळपास काहीच ठरले नव्हते. कॉन्स्टँटिनोपलला मात्र दोन गोष्टी निःसंदिग्धपणे मांडल्या गेल्या. एक, पटकीचे माहेर हिंदुस्थान आहे आणि ती माणसांबरोबर प्रवास करते. दोन, तिला युरोपच्या दारात अडवण्यापेक्षा तांबड्या समुद्राच्या तोंडाशी अडवावे. फ्रान्सचे डॉ. आद्रियां प्रूस्त, म्हणजे कादंबरीकार मार्सेल प्रूस्तचे वडील, यांनी पुढची तीन-चार दशके हाच आग्रह धरला. इजिप्त आणि तांबडा समुद्र हा त्यांच्या लेखी युरोपचा तट होता. या मांडणीतला वैद्यकीय भाग बऱ्याच अंशी खरा होता आणि तो नाकारणारे इंग्रज चूक होते. तिचा दुसरा भाग कसा वापरला गेला हे १८७४ च्या व्हिएन्ना परिषदेत दिसते. तिथे युरोपातल्या देशांनी आपसांतल्या जमिनीवरच्या सरहद्दींवर क्वारंटीन निरुपयोगी ठरवले. युरोपच्या बंदरांत बोटींची वैद्यकीय तपासणी पुरेशी मानायची मुभा दिली. तांबड्या समुद्रात मात्र कडक क्वारंटीन हवेच, असे त्याच परिषदेने सांगितले. रोग तोच, जंतूविषयीचे अज्ञानही तेच. बदलला होता तो फक्त अडवला जाणारा माणूस.

सरहद्दीवरचा जाच अर्थात क्वारंटीनमुळे जन्माला आला नाही. भोपाळच्या नवाब सिकंदर बेगम १८६४ च्या जानेवारीत जेद्दाला उतरल्या तेव्हा कामरानचे ठाणे अस्तित्वात नव्हते, तरी जकातीने त्यांना घेरलेच. त्यांच्या प्रवासवर्णनाचे इंग्रजी भाषांतर १८७० मध्ये छापले गेले. जेद्दाच्या जकातदारांनी आपले सामान कसे उघडले, कशाकशावर महसूल मागितला आणि त्यात किती नासधूस झाली, याची तक्रार त्यांनी त्यात मोकळेपणाने केली आहे. बेगम गप्प बसल्या नाहीत. मक्केच्या शरीफांशी आणि तुर्की पाशाशी त्यांनी पत्रव्यवहार केला, आणि त्या पत्रांना उत्तरेही आली. एका संस्थानाच्या राणीला सुद्धा जकातीच्या चौकीवर एवढे झगडावे लागत असेल, तर ज्याला पत्र लिहिता येत नाही आणि लिहिले तरी ज्याचे कोणी वाचणार नाही, त्याचे काय होत असेल हे वेगळे सांगायला नको. जकातीत निदान घासाघीस करता येई. क्वारंटीनच्या मुदतीत ती सोयही नव्हती, कारण तिथे समोरच्या अधिकाऱ्याच्या पाठीशी शास्त्राचे नाव होते. म्हणूनच ते शास्त्र खरोखर काय सांगत होते, हे तपासणे भाग आहे.

साधा हिशोब करून पाहू. पटकीचा जंतू पोटात गेल्यापासून आजार दिसायला काही तासांपासून फार तर पाच दिवस लागतात. मुंबईहून कामरानला यायला त्या काळच्या आगबोटीला आठ-दहा दिवस सहज लागत, वाटेत एडनला थांबली तर जास्तच. म्हणजे ज्या बोटीवर मुंबई सोडल्यापासून एकही रोगी निघाला नाही, तिने आपले क्वारंटीन समुद्रावरच पुरे केलेले असे. अशा निरोगी बोटीवरच्या हजारभर लोकांना मचूळ पाण्याच्या बेटावर उतरवून, दुसऱ्या बोटींच्या रोग्यांशेजारी आणखी दहा दिवस ठेवण्यात रोग अडवण्यापेक्षा रोग लागण्याचीच शक्यता अधिक होती. आता परतीचा प्रवास पाहा. हज आटोपून उत्तरेकडे जाणाऱ्यांना सिनाईच्या किनाऱ्यावर एल तोर इथे थांबवत. जेद्दाहून तिथे बोट तीन-चार दिवसांत पोहोचे, म्हणजे मक्केत लागण झालेला माणूस धडधाकट दिसत असतानाच. तिथली अडवणूक वैद्यकाच्या कसोटीला उतरत होती. एकाच समुद्रात दोन ठाणी आणि दोन्हीकडे क्वारंटीन हेच नाव, पण एकाला अर्थ होता आणि दुसऱ्याला फारच थोडा. क्वारंटीन चांगले की वाईट, असा सरसकट वाद घालणाऱ्या दोन्ही पक्षांनी हा फरक बाजूला ठेवला.

त्या काळच्या माणसांना जंतूच ठाऊक नव्हता, मग त्यांना आजच्या मापाने मोजणे अन्यायाचे नाही का, असे कोणी विचारील. या आक्षेपात तथ्य असते, जर मुदत ठरवायला जंतूची ओळख आवश्यक असती. ती नव्हती. पटकी लागल्यावर थोड्याच दिवसांत उठते, हे कोणत्याही अनुभवी डॉक्टरला ठाऊक होते. खुद्द कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने हा काळ मोजक्या दिवसांचाच धरला होता. पुढे रॉबर्ट कॉखने १८८३ मध्ये इजिप्तमध्ये आणि १८८४ च्या आरंभी कलकत्त्यात पटकीचा जंतू हुडकला, पाण्याशी त्याचे नाते दाखवले, आणि तरीही कामरानची मुदत लगेच बदलली नाही. उलट बाजूला हिंदुस्थान सरकारचे सॅनिटरी कमिशनर जे. एम. कनिंगहॅम यांनी त्याच १८८४ मध्ये पुस्तक लिहून पटकी माणसाकडून माणसाकडे जात नाही, ती स्थानिक हवामान आणि घाण यांतून उपजते, हेच मत पुन्हा ठासून मांडले. कनिंगहॅम अप्रामाणिक होते असे मला वाटत नाही. गावोगावी स्वच्छ पाणी आणि सफाई हवी, हा त्यांचा आग्रह तर आजही पटतो. पण सुएझमधून जाणाऱ्या जहाजांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक ज्या सरकारच्या झेंड्याखाली होती त्या सरकारला नेमके हेच मत सोयीचे होते, आणि म्हणून पुरावा फिरल्यावरही ते अधिकृत मत म्हणून टिकले.

१८८५ च्या रोम परिषदेत हा झगडा उघड्यावर आला. इंग्लंडने १८८२ मध्ये इजिप्तवर ताबा मिळवला होता आणि पुढच्याच वर्षी तिथे पटकीची मोठी साथ आली. ती मुंबईहून आलेल्या बोटीने आणली, असा फ्रेंचांचा आरोप होता. रोमला सर जोसेफ फेअरर यांच्यासारखे इंग्रज प्रतिनिधी क्वारंटीनविरुद्ध ठाम उभे राहिले आणि परिषद निष्फळ झाली. कोंडी फुटली ती सात वर्षांनी व्हेनिसमध्ये, आणि कशी फुटली हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. १८९२ च्या व्हेनिस कराराने जहाजांचे तीन वर्ग पाडले: निरोगी, संशयित आणि बाधित. गेल्या सात दिवसांत बोटीवर पटकीचा रोगी निघाला आहे की नाही, यावर वर्ग ठरायचा. जिच्यावर डॉक्टर आणि कपड्यांना वाफेचा भपारा देणारे यंत्र आहे, अशा बोटीला किनाऱ्याशी संबंध न ठेवता कालव्यातून पुढे जाता येऊ लागले. इंग्लंडला हवे होते ते हेच. मुंबईचा कापूस, गहू, डाक आणि पहिल्या वर्गाचे प्रवासी आता अडणार नव्हते. हा करार शहाणपणाचाही होता, कारण त्यात मुदत अखेर रोगाच्या चालीला बांधली गेली. मग तोच शहाणपणा हजच्या बोटींना का लागू झाला नाही? त्यांच्यासाठी व्हेनिसमध्येच वेगळी कलमे ठेवली गेली आणि १८९४ मध्ये पॅरिसला खास त्यांच्यासाठी वेगळी परिषद भरली. यात्रेकरू हा कायद्याच्या भाषेत स्वतंत्र जातीचा प्रवासी ठरला. त्याच्या आजाराची चौकशी नंतर, आधी तो कोण आहे हे पाहिले जाऊ लागले.

पॅरिसच्या परिषदेला एक दारुण निमित्त होते. १८९३ च्या हजमध्ये पटकीने तीस हजारांच्या घरात माणसे मेली. कामरानचे ठाणे तेव्हा अकरा वर्षे चालू होते आणि तरीही हे घडले. निव्वळ अडवून ठेवण्याने काय साधते, याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण. परिषदेने त्यातून काही चांगले धडे घेतले, हे नोंदवायला हवे. निघण्याच्या बंदरातच प्रत्येकाची दिवसाउजेडी तपासणी, बोटीवर डॉक्टर, रोज माणशी पाच लिटर पिण्याचे पाणी, आणि डेकवर माणशी ठराविक जागा. जागेच्या या कलमावरून इंग्रजांनी बराच वाद घातला. १९०३ च्या करारात अखेर माणशी दीड चौरस मीटर, म्हणजे सोळा चौरस फूट, हे माप नक्की झाले. सोळा चौरस फूट म्हणजे एक चटई पसरावी, उशाला पत्र्याची पेटी ठेवावी, पायथ्याशी हंडा आणि पीठ-तांदळाची थैली, की संपले. एवढ्यात पंधरा-वीस दिवस झोपायचे, नमाज पढायचा, आजारी माणसाची घाण काढायची. हिंदुस्थानातल्या जहाजांच्या जुन्या कायद्यांत तर याहूनही कमी जागा चालत होती, आणि माप वाढले की भाडे वाढेल, गरीब यात्रेकरूंचे नुकसान होईल, असे कंपन्यांच्या वतीने सांगितले जाई. ऐपत नसलेल्यांना निघूच देऊ नये, ही युरोपीय सूचना मात्र हिंदुस्थान सरकारने धर्मात हस्तक्षेप नको म्हणून टाळली. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्याचा तिथे आधार होता आणि तो निर्णय मला योग्य वाटतो. पण धर्मात हात न घालण्याचे तत्त्व आणि बोटीवरची गर्दी कमी न करण्याची सोय या दोन गोष्टी सरकारने एकत्र बांधल्या. गर्दी कमी केल्याने कोणाचा धर्म बुडत नव्हता. १८८६ मध्ये सरकारने हजच्या प्रवासाचे काम टॉमस कुक कंपनीकडे देऊन पाहिले, तेही काही वर्षांत बंद पडले.

या सगळ्यात यात्रेकरूच्या बाजूने जवळून पाहणारा एक माणूस होता, डॉ. अब्दुर रज्जाक. हिंदुस्थान सरकारने हजची पाहणी करायला पाठवलेले हे सर्जन पुढे जेद्दाला ब्रिटिश व्हाइस कॉन्सल झाले. ते स्वतः मुसलमान, त्यामुळे जिथे युरोपीय डॉक्टर जाऊच शकत नव्हता त्या मक्केपर्यंत ते यात्रेकरूंबरोबर जात, आणि कामरानच्या गैरसोयींबद्दल त्यांनी अहवाल लिहिले. १८९५ मध्ये जेद्दाच्या वेशीबाहेर युरोपीय वकिलातींच्या मंडळींवर हल्ला झाला, त्यात तेच मारले गेले. त्याच सुमारास भपाऱ्याची यंत्रे आणि नव्या आरोग्यव्यवस्थेवर लोकांचा राग फुटला होता. लोक अडाणी होते म्हणून यंत्रे फोडली, असे त्या वेळच्या पुष्कळ कागदांत म्हटले आहे. बारा-तेरा वर्षे क्वारंटीनच्या नावाने केवळ पट्टी आणि उपासमार अनुभवलेल्या माणसांनी त्याच खात्याच्या यंत्रावर विश्वास ठेवावा, ही अपेक्षाच अवाजवी होती.

मग १८९६ उजाडले. २३ सप्टेंबरला मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. मांडवी म्हणजे बंदराला खेटून असलेली धान्याची वखार. हाँगकाँगला १८९४ मध्ये प्लेग उसळला होता आणि तिथून तो बोटीने आला असावा, हे मत पुढे सर्वमान्य झाले. थोड्याच महिन्यांत शहरातून लाखो माणसे बाहेर पडली आणि युरोपातल्या बंदरांनी मुंबईच्या मालाला दारे बंद करायला सुरुवात केली. जे सरकार तीस वर्षे क्वारंटीन हे अज्ञानी लोकांचे खूळ असे म्हणत होते त्याने आता काय केले? फेब्रुवारी १८९७ मध्ये व्हेनिसला प्लेगवर परिषद बसत असताना, तिथे आपल्या व्यापारावर कुऱ्हाड येऊ नये म्हणून, मुंबई आणि कराचीहून त्या वर्षीची हजयात्राच बंद केली. धर्मात हस्तक्षेप न करण्याचे तत्त्व, जे जागेच्या मापाच्या आड येत होते, ते कापसाच्या आड आले नाही. त्याच महिन्याच्या ४ तारखेला साथरोगाचा कायदा झाला. कोणाही प्रवाशाला तपासण्याचा, उतरवण्याचा, छावणीत ठेवण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला. कल्याणसारख्या स्थानकांवर आगगाड्या थांबवून उतारूंना रांगेत उभे करत आणि डॉक्टर काखेत, जांघेत गाठ आहे का ते चाचपत. बायकांनाही त्या रांगेतून जावे लागे. ओरड झाल्यावर स्त्री-डॉक्टर आणि पडदे आले. पहिल्या-दुसऱ्या वर्गाच्या उतारूंना बहुधा डब्यातच पाहून सोडत. तिसऱ्या वर्गाला फलाटावर उतरावे लागे. मद्रास इलाख्यात प्लेगचा पासपोर्ट निघाला. बाधित गावाहून आलेल्याने दहा दिवस रोज हजेरी द्यायची. कामरानला जे परक्या सरकारने केले म्हणून इंग्रज तक्रार करत होते, तेच आता देशातल्या देशात, स्वतःच्या प्रजेवर, आणि त्याच वर्गवारीने. पुण्यातल्या घरझडत्या, प्लेग अधिकारी रँडवरचा २२ जून १८९७ चा खुनी हल्ला, मुंबईत ९ मार्च १८९८ चा दंगा हा इतिहास मराठी वाचकाला पाठ आहे, म्हणून इथे तो पुन्हा सांगत नाही. त्या संतापामागे घरात शिरलेले सोल्जर जसे होते तसा फलाटावरचा हा अपमानही होता, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

प्लेगच्या बाबतीत तर माणसांना अडवण्याचा फोलपणा लवकरच सिद्ध झाला. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून दाखवले, की प्लेग उंदरांच्या पिसवांमधून पसरतो. अनेकांनी त्याची टर उडवली, पण दशकाच्या आत हिंदुस्थानातल्या प्लेग कमिशनने त्याचे म्हणणे खरे ठरवले, आणि १९०३ च्या पॅरिस करारात बोटींवरचे उंदीर मारण्याची कलमे आली. म्हणजे ज्या वर्षांत माणसांची अंगे चाचपली जात होती, त्या वर्षांत धान्याची पोती आणि त्यांतले उंदीर बंदरातून बंदरात बिनदिक्कत जात होते. हे अज्ञानामुळे झाले हे खरे. पण अज्ञानात माणूस ज्या दिशेला चुकतो, ती दिशाही पुष्कळ काही सांगते. पोती अडवली तर पैसे बुडत होते, माणसे अडवली तर बुडत नव्हते.

आता सर्वात वजनदार आक्षेप. १८९३ नंतर हजच्या वाटेने पटकी युरोपात पोहोचली नाही, १९१२ नंतर हजमध्ये तिची मोठी साथही आली नाही. मग कामरान यशस्वीच झाले म्हणायचे ना? हा युक्तिवाद मी हलका मानत नाही, कारण मृत्यूचे आकडे खरेच खाली आले. पण त्या काळात आणखी काय काय बदलले ते बघावे लागते. मुंबईला १८९२ मध्ये तानशाचे पाणी मिळाले. बोटींवर पाण्याचे माप आले. जेद्दाला आणि पुढे कामरानलाही समुद्राचे पाणी उकळून गोडे करणारी यंत्रे बसली. हाफकिनने पटकीची लस तयार केली आणि दोन महायुद्धांच्या मधल्या काळात यात्रेकरूंना ती टोचून घेणे सक्तीचे झाले. १९०५ मध्ये एल तोरच्या प्रयोगशाळेत गॉटश्लिख या जर्मन डॉक्टरला, पटकीची कोणतीही लक्षणे नसलेल्या मृत यात्रेकरूंच्या आतड्यांत जंतू सापडले, आणि दिवस मोजून न सापडणारा वाहक तपासणीने सापडतो हे कळले. पुढे १९६१ पासून जगभर पसरलेल्या पटकीच्या जंतूला त्याच ठाण्याचे नाव आहे. पाणी, लस, तपासणी आणि बंदराबंदरांतून वेळेवर जाणारी साथीची बातमी, या चारही गोष्टी माणसाला दहा दिवस वाळूत बसवल्याशिवाय करता येतात. कामरानमध्येही त्या येत गेल्या तसतशी निरोगी बोटींची अडवणूक घटत गेली. १९०३ च्या नियमांत ती अंघोळ आणि कपड्यांच्या भपाऱ्यापुरती, सुमारे दोन दिवसांवर आली. मुदत कमी झाल्याने रोग वाढला असता, तर कामरानच्या बाजूचा युक्तिवाद टिकला असता. प्रत्यक्षात मुदत आणि रोग दोन्ही बरोबरच उतरले.

याचा अर्थ दारावर काहीच नियम नकोत असा कोणी काढू नये. हिंदुस्थान स्वतः विसाव्या शतकात जगातल्या सर्वात कडक नियम पाळणाऱ्या देशांत गणला गेला, तो पीतज्वराबाबत. या रोगाचा डास आपल्याकडे घरोघरी आहे, पण विषाणू कधी आला नाही. विमाने आफ्रिकेहून काही तासांत कराची-मुंबईला पोहोचू लागल्यावर ही भीती खरी झाली. म्हणून ज्याच्याकडे लशीचा दाखला नाही आणि जो बाधित भागातून आला आहे, त्याला सहा दिवस वेगळे ठेवायचे, कारण पीतज्वर उठायला जास्तीत जास्त सहा दिवस लागतात. दाखला लस घेतल्यापासून दहाव्या दिवशी लागू होतो, कारण शरीराला संरक्षण तयार करायला तेवढा वेळ लागतो. यातला प्रत्येक आकडा रोगातून निघाला आहे आणि विमानाच्या पहिल्या वर्गात बसल्याने त्यात एक दिवसही कमी होत नाही. कामरानच्या दहा दिवसांमागे असे कोणतेच कारण कोणाला दाखवता आले नव्हते.

कामरान पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, इंग्रजांच्या ताब्यात गेले. १९२६ पासून इंग्रज आणि डच मिळून ते ठाणे चालवत, कारण जावा-सुमात्राचे यात्रेकरूही त्याच वाटेने येत. इस्पितळ, प्रयोगशाळा, गोडे पाणी आले, आणि तोपर्यंत ठाण्याची गरजच ओसरत चालली. १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सगळे जुने करार मोडून एकच आंतरराष्ट्रीय नियमावली केली. त्यात लिहिलेल्या उपायांपेक्षा जास्त कडक उपाय कोणत्याही देशाने प्रवाशावर लादू नयेत, हे तिचे मुख्य तत्त्व होते. तरीही हजच्या यात्रेकरूंसाठी वेगळे परिशिष्ट तिला जोडलेलेच राहिले. सौदी अरेबियाने जेद्दाला स्वतःचे सुसज्ज क्वारंटीन केंद्र उभे केल्यावर, १९५६ मध्ये जागतिक आरोग्य सभेने ते परिशिष्ट रद्द केले. कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेला त्या वर्षी नव्वद वर्षे झाली होती. तेव्हापासून मुंबईहून जेद्दाला उतरणारा यात्रेकरू आणि लंडनहून तिथेच उतरणारा व्यापारी यांच्यामध्ये निदान वेगळ्या परिशिष्टाची भिंत उरली नाही.